जे. एल. आणि एक चांदणी

पहिला दिवस : आम्स्टलवेन

वार्षिक निकाल लागला, चित्रकलेच्या खोलीला कुलूप घातलं, चावी मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली आणि आठवड्याभरात विमानात बसले. कराडजवळच्या एका शाळेत अठ्ठावीस वर्षं चित्रकला शिकवते आहे. एवढ्या वर्षांत परदेश पाहिला तो फक्त पुस्तकातल्या छापील चित्रांमधून. भाची नेदरलँड्समध्ये, आम्स्टलवेनला राहते. आम्स्टरडॅमला चिकटलेलंच गाव. आपल्याकडची इतकी कुटुंबं इथे आहेत की संध्याकाळी बागेत गेले तर तीन बाकांवर तीन भारतीय भाषा कानावर पडल्या. बॅगेतून भडंग आणि शेंगदाण्याची चटणी निघाली तशी भाची म्हणाली, "मावशी, हे जेवणाआधी उघडू नकोस हं, नाहीतर आज कुणी जेवायचं नाही."

बॅगेत आणखी एक वस्तू होती. माझी कॉलेजातली कलेतिहासाची वही. कडा पिवळ्या पडल्यात, शिवण सुटलीय. 'सतराव्या शतकातील डच कला' या धड्याची अकरा पानं आहेत. रेम्ब्रांट, फ्रान्स हाल्स, व्हर्मीर, रुइसदाल. आमचे सर तळमळीने शिकवायचे, मीही तितक्याच मन लावून उतरवून घेतलं होतं. त्या अकरा पानांत बाया पुष्कळ आहेत. दूध ओतणारी आहे, पत्र वाचणारी आहे, कानात मोती घातलेली आहे. हातात कुंचला असलेली मात्र एकही नाही. तेव्हा वर्गात आम्ही निम्म्या मुली होतो आणि कुणाच्याच मनात प्रश्न आला नाही. माझ्याही नाही. त्याचं आज फार वाईट वाटतं.

युडिथ लेइस्टर या सतराव्या शतकातल्या डच चित्रकर्तीचं नाव मला वयाच्या पन्नाशीत कळलं. तेव्हापासून ठरवलं होतं, एकदा जाऊन तिची चित्रं डोळ्यांनी बघायची. ही सहल तिच्यासाठीच.

झोप येईना. इथे मे महिन्यात रात्री साडेनऊलाही उजेड असतो.

दुसरा दिवस : राइक्सम्युझियम

ट्रॅम अगदी दारापर्यंत जाते. राइक्सम्युझियमच्या इमारतीच्या पोटातून सायकलींचा रस्ता गेलाय. म्युझियमची वेळ आधीच घ्यावी लागते, ती भाचीने घेऊन ठेवली होती. ती कामाला गेली, मी एकटीच आत शिरले. बरंच झालं. चित्रापुढे मी किती वेळ उभी राहीन याचा भरवसा नसतो.

दुसऱ्या मजल्यावर मधोमध एक लांबच लांब दालन आहे. त्याला इथे 'मानाचं दालन' म्हणतात. दोन्ही बाजूंना डच चित्रकलेतली सगळी मोठी नावं आणि अगदी टोकाला रेम्ब्रांटचं 'नाइट वॉच', 1642 सालचं. गाभाऱ्यात देव असावा तशी त्याची जागा. ही इमारत 1885 मध्ये उघडली. या दालनात स्त्रियांची चित्रं कायमची म्हणून पहिल्यांदा लागली ती 8 मार्च 2021 ला. तीन चित्रं. मधली एकशे पस्तीस वर्षं मी तिथे उभी राहून मनात मोजली. माझी आजी, तिची आई, तिचीही आई, एवढं अंतर झालं ते.

तिघींपैकी पहिली लेइस्टर. 'सेरेनेड', 1629. एक तरुण ल्यूट नावाचं तंतुवाद्य वाजवतोय, नजर वर कुठेतरी, प्रकाश खालून चेहऱ्यावर आलाय. आमच्या ग्रेड परीक्षेत मुलांना क्वार्टर इम्पीरियल कागद मिळतो, त्याहून जरासंच मोठं चित्र. आसपास भिंत भरून टाकणारी चित्रं असताना लोक या एवढ्याशा फळीसमोर थांबत होते. हनुवटीखाली, नाकपुडीच्या कडेला, भुवईच्या खालच्या अंगाला उजेड कसा पडतो हे तिने नेमकं पकडलंय. खालून आलेला प्रकाश रंगवणं अवघड असतं. चेहऱ्यावरच्या सावल्या उलट्या पडतात, हाताला सवय नसते. आमच्याकडे देवघरातल्या समईपुढे वाकलेला चेहरा रंगवायला सांगितला की दहावीच्या हुशार मुलांचीही गडबड होते. हे चित्र तिने काढलं तेव्हा ती वीस वर्षांचीही पुरती झाली नव्हती किंवा नुकतीच झाली असेल.

आता तिच्या सहीबद्दल. लेइस्टर हे तिचं पिढीजात आडनाव नव्हे. वडिलांची हारलेम गावात बिअर गाळण्याची भट्टी होती, त्या भट्टीचं नाव लेइस्टर, म्हणजे वाट दाखवणारा तारा. आपण ध्रुव म्हणू तसा. घराने तेच आडनाव लावलं. युडिथने त्याची सही केली : जे आणि एल ही अक्षरं एकमेकांत गुंतवलेली आणि त्यांना जोडून एक चांदणी.

जिवंतपणी तिला नाव होतं. 1628 मध्ये हारलेमवर लिहिलेल्या एका ग्रंथात तिचा उल्लेख आहे. 1648 मध्ये दुसऱ्या एका लेखकाने तिच्या नावावर कोटी करून तिला कलेतली खरी लेइस्टर म्हटलं. 1660 मध्ये ती गेली आणि त्यानंतर दोनशे वर्षांहून जास्त काळ तिच्या नावावर एकही चित्र उरलं नाही. चित्रं कुठे गेली नव्हती. भिंतींवरच होती. खाली नाव फ्रान्स हाल्सचं होतं किंवा तिच्या नवऱ्याचं. नवराही चित्रकार, यान मिन्से मोलेनार. तो गेल्यावर घरातल्या सामानाची यादी झाली, त्यात काही चित्रांपुढे चितारणाऱ्याचं नाव न लिहिता मयताची बायको एवढंच लिहिलंय.

मग 1893. हाल्सचं म्हणून भरपूर पैसे मोजून घेतलेल्या एका चित्रावर, जे आज पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे, हाल्सच्या खोट्या सहीखाली जे, एल आणि चांदणी सापडली. इंग्लंडात व्यापाऱ्यांचं भांडण कोर्टापर्यंत गेलं. चित्र तेच होतं, रंग तेच, हसू तेच, पण भाव उतरला म्हणून पैसे परत मागितले गेले. कॉर्नेलिस हॉफस्टेडे द ग्रोट या डच अभ्यासकाने त्याच वर्षी लेख लिहून सात चित्रं तिची म्हणून ओळखून दाखवली. चांदणीच्या खुणेवरून. तिने ती खूण करून ठेवली नसती तर आजही तिची चित्रं आपण दुसऱ्याच्या नावाने वाखाणली असती.

हे आठवत त्या फळीसमोर उभी होते. शेजारची एक जपानी बाई वाकून सही शोधत होती, मीही वाकले. आम्ही एकमेकींकडे बघून हसलो.

दुसरं चित्र खेसिना तेर बोर्ख आणि तिचा मोठा भाऊ खेरार्ड यांनी मिळून काढलेलं. त्यांचा धाकटा भाऊ मोझेस 1667 मध्ये इंग्रजांशी झालेल्या लढाईत मारला गेला, त्याची आठवण म्हणून केलेलं. उभा तरुण मुलगा, पायाशी कुत्री, शिंपले, कवटी. खेरार्डचं नाव माझ्या वहीत आहे, अधोरेखित करून. खेसिनाचं नाही. तिने आयुष्यभर वह्या भरून जलरंगात घरातली, रस्त्यावरची माणसं काढली, त्या वह्या याच म्युझियममध्ये आहेत. लग्न केलं नाही, चित्रं विकली नाहीत. वह्या घरच्या पेटीत राहिल्या म्हणून वाचल्या.

तिसरी राखेल राउश. काचेच्या फुलदाणीतली फुलं. हिच्याबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण ही विसरली गेलेली नव्हे, ही फार मोठी होती. 1664 चा जन्म. 1701 मध्ये हेगच्या चित्रकारांच्या संघटनेत घेतलेली पहिली स्त्री. 1708 पासून जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या दरबाराची चित्रकार, दरबारात येऊन राहायची सक्तीही नव्हती. घरी आम्स्टरडॅमला बसून काढायची आणि पाठवायची. दहा मुलं झाली. नवराही चित्रकार होता, पण तिचं नाव त्याच्यापेक्षा मोठं. ऐंशी ओलांडल्यावरही चित्रं काढत राहिली आणि म्हातारपणीच्या काही चित्रांवर सहीशेजारी आपलं वय लिहिलं. मला तिच्यातलं हे सगळ्यात आवडतं. ऐंशी वर्षांची बाई वय लपवत नाही, हात अजून थरथरत नाही हे जगाला लिहून सांगते.

तिचे वडील फ्रेडरिक राउश शरीरशास्त्राचे आणि वनस्पतींचे मोठे अभ्यासक. मृत शरीराचे भाग द्रवात टिकवायची त्यांची कला युरोपभर गाजलेली. लहानपणी राखेल त्यांना ते नमुने लेसने, फुलांनी सजवायला मदत करायची असं सांगतात. पाकळी कुठे दुमडते, किडा देठाला कसा धरतो, हे तिने घरातच पाहिलं. त्या काळी मुलींना नग्न मॉडेलवरून रेखाटन करायची मुभा नव्हती, त्यामुळे देवादिकांची, लढायांची मोठी चित्रं, ज्यांना खरा मान, ती वाट बंद. फुलं मात्र कुणी अडवली नाहीत. आणि फुलांतही सोपं काही नव्हतं. ट्युलिप वसंतात, गुलाब उन्हाळ्यात. तिच्या फुलदाणीत एकत्र दिसणारी फुलं बागेत एका दिवशी एकत्र फुलतच नाहीत. एकेका फुलाचा हंगाम येईपर्यंत थांबायचं, अभ्यास करून ठेवायचा आणि मग चित्रात ती एकमेकांना भेटवायची.

बापाने लेकीच्या हातात कुंचला दिला म्हणून वाट उघडली, हे वाचलं की मला आपल्याकडच्या अंबिका धुरंधर आठवतात. रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधरांची लेक, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून शिकलेली. आणि अँजेला त्रिनदाद, मूळ गोव्याच्या अंतोनिओ झेवियर त्रिनदाद यांची मुलगी, तीही जे. जे. चीच. वडिलांची नावं आमच्या शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यात आहेत. दोघींची मी आता जूनमध्ये लिहिणार.

संध्याकाळी भाचीने विचारलं, "नाइट वॉच बघितलंस ना?" बघितलं. पाच मिनिटं.

तिसरा दिवस : हारलेम

आम्स्टरडॅमहून आगगाडीने वीस मिनिटांच्या आत हारलेम. स्टेशनवरून चालत मोठ्या चौकात आले आणि समोर सेंट बाव्होचं प्रचंड चर्च. युडिथचा बाप्तिस्मा इथेच झाला, 28 जुलै 1609 ला. आठवं अपत्य. फ्रान्स हाल्सही याच चर्चमध्ये पुरलाय. त्याची जागा सगळे दाखवतात. आत जमीन सगळी थडग्यांच्या फरशांची, त्यांवर इतक्या पिढ्यांचे पाय पडलेत की बरीच अक्षरं झिजून गेलीत. मी सवयीने चप्पल काढायला वाकले होते. लक्षात आल्यावर तशीच पुढे गेले, पण फरशांवरची नावं चुकवत चुकवत.

हे शहर कापडाचं आणि बिअरचं. स्पार्ने नदीच्या काठाने फिरताना त्या भट्ट्यांचा काळ डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. युडिथच्या वडिलांचं दिवाळं निघालं तेव्हा ती जेमतेम पंधरा-सोळा वर्षांची. घर मोडलं, गाव सुटलं. चित्रकला ही तिची हौस असेल असं मला वाटत नाही, तिला कमवायचं होतं.

कमवायचं तर गिल्ड, म्हणजे चित्रकारांची संघटना, हवी. त्या काळी सेंट ल्यूकच्या गिल्डमध्ये नाव असल्याशिवाय आपल्या नावाने कार्यशाळा चालवता येत नसे, शिष्य घेता येत नसत. 1633 मध्ये लेइस्टर हारलेमच्या गिल्डमध्ये मास्टर म्हणून दाखल झाली. तिच्याआधी दोन वर्षं, 1631 मध्ये, सारा व्हान बालबेर्गेन नावाची एक बाई दाखल झाली होती. साराचं एकही चित्र आज ओळखता येत नाही. मास्टरची पदवी मिळवण्याइतकं काम जिने केलं होतं तिचं काम याच शहराच्या, कदाचित जगातल्या कुठल्या तरी, भिंतीवर दुसऱ्याच्या नावाने लटकत असेल. लेइस्टर सापडली याचा आनंद आहे, पण हारलेममध्ये दिवसभर माझ्या डोक्यात साराच होती.

एक भांडणही इथलंच. 1635 मध्ये लेइस्टरचा एक शिकाऊ मुलगा थोड्याच दिवसांत तिची कार्यशाळा सोडून फ्रान्स हाल्सकडे गेला. हाल्स म्हणजे गावातलं सगळ्यात मोठं नाव, तिच्याहून पंचवीसेक वर्षांनी वडील. ती गप्प बसली नाही. गिल्डकडे तक्रार केली, नुकसानभरपाई मागितली. गिल्डने तिलाही दंड केला, मुलाची नोंद केली नव्हती म्हणून. पण हाल्सलाही पैसे द्यावे लागले. सव्वीस वर्षांची बाई, स्वतःची कार्यशाळा, स्वतःचे शिष्य, आणि गावातल्या दादा चित्रकाराविरुद्ध गिल्डच्या दप्तरात तक्रार. तिच्या कुठल्याही चित्राइतकीच ती नोंद मला मोलाची वाटते.

फ्रान्स हाल्स म्युझियम एका जुन्या वृद्धाश्रमाच्या इमारतीत आहे. मधे चौक, चारी बाजूंनी खोल्या, आपल्याकडच्या वाड्यासारखा. हाल्सने म्हातारपणी काढलेलं, 1664 चं, त्याच वृद्धाश्रमाच्या कारभारणींचं चित्र इथे आहे. काळ्या कपड्यांतल्या चार जणी आणि मागे एक सेविका. त्यांचे हात बघत बसले. सैल, थोडक्या फटकाऱ्यांत काढलेले हात. फार थोर चित्रकार. त्याचं थोरपण कुणी काढून घेत नाहीये. पण लेइस्टरचं हसणारं, हातात मग धरलेलं 'जॉली ड्रिंकर' बघताना कळतं की दोघं एकमेकांना ओळखून, एकमेकांशी स्पर्धा करत रंगवत होते. गावात एक बाई आपल्याइतकं जिवंत हसू रंगवते हे हाल्सला नक्की ठाऊक असणार.

लग्न 1636 मध्ये झालं, मग पाच मुलं. त्यानंतरची चित्रं फारच थोडी. 1643 मधली तिची ट्युलिपची जलरंगातली चित्रं आहेत, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची. नवऱ्याच्या चित्रांत तिचा हात किती होता, घरचा हिशोब आणि विक्री तिने किती सांभाळली, हे सहीत दिसत नाही. मुलं लहान असताना माझीही सात-आठ वर्षं अशी गेली की ब्रश फक्त फळ्यावरच्या सुविचाराला लागला.

परतीच्या गाडीत डबा उघडला. दशम्या आणि चटणी.

चौथा दिवस : उट्रेख्ट, पावसात

सकाळपासून पाऊस, वारा असा की छत्री उलटी. अर्धा दिवस उट्रेख्टला गेले. 1636 मध्ये इथलं विद्यापीठ सुरू झालं, त्याच्या समारंभासाठी लॅटिन कविता लिहिली आना मारिया व्हान स्खुरमान या तरुणीने. चित्रकार, कोरीवकाम करणारी, कागद कातरून चित्रं करणारी आणि कितीतरी भाषा येणारी. तिला व्याख्यानं ऐकायची परवानगी मिळाली, पण बाकीच्या विद्यार्थ्यांना दिसू नये म्हणून आडोशामागे बसून. डोमच्या मनोऱ्याखाली भिजत उभी राहून मी त्या आडोशाचा विचार करत होते. सावित्रीबाईंवर शेण फेकलं गेलं ते पुण्याच्या रस्त्यात, हे त्याच्या दोनशे वर्षांहून आधीचं. कुठल्या गोष्टीची कशाशी तुलना करावी कळत नाही, पण आठवण आली हे खरं.

ओले बूट घेऊन घरी परत. भाचीच्या मुलीबरोबर रात्री रंगकाम.

पाचवा दिवस : हेग, मॉरिट्सहाउस

आजचा दिवस मी आयुष्यभर विसरणार नाही.

मॉरिट्सहाउस लहानसं आहे, तळ्याच्या काठचा एक टुमदार राजवाडा. व्हर्मीरची मोत्याच्या कुडीवाली मुलगी इथेच असते, तिच्यापुढे मोबाइल वर धरलेल्या हातांचं रान. मी लवकर बाजूला झाले.

क्लारा पेटर्सचं चित्र, साधारण 1615 सालचं. चीजचे थोर तुकडे एकावर एक रचलेत, वर बशीत लोण्याच्या गुंडाळ्या, चिनी मातीच्या ताटलीत बदाम-अंजीर, पाव, आणि मागे झाकणाचा मातीचा जग. आमच्या ग्रेड परीक्षेच्या भाषेत सांगायचं तर वस्तुचित्र. टेबलावर तांब्या, पेला, दोन फळं आणि खाली कापड मांडायचं, हे मी अठ्ठावीस वर्षं करते आहे. मुलांना सांगते, तांब्याच्या पोटावर नीट बघा, तिथे खिडकी दिसेल, ती पांढऱ्याने टिपा. आज त्या जगाच्या कथिलाच्या झाकणाकडे मी तसंच बघितलं. तिथे खिडकी आहे. आणि खिडकीजवळ एक डोकं आहे, टोपी घातलेलं. क्लारा स्वतः. एवढीशी, नखाएवढी.

पुढच्या चांदीच्या सुरीच्या मुठीच्या कडेला अक्षरं कोरलीत. नाव. पूर्ण नाव, क्लारा पेटर्स. ही बाई अँटवर्पची. तिच्या आयुष्याची फारच थोडी माहिती मिळते. पण चीज, लोणी, जग यांच्या पसाऱ्यात तिने स्वतःला दोनदा लिहून ठेवलं, एकदा चेहऱ्याने आणि एकदा नावाने. पहारेकरी जवळ येऊन 'जरा मागे' म्हणाला, तेव्हा लक्षात आलं की माझं नाक चित्राला लागायचं बाकी होतं.

आणि मग लेइस्टरचं, 1631 चं, जेमतेम फूटभर उंचीचं. दिव्याच्या उजेडात एक बाई शिवण करतेय. मान खाली. पायाखाली निखाऱ्याची शेगडी ठेवलेली पेटी, थंडीचं पाय शेकायला. तिच्या खांद्यावर हात टाकून वाकलेला एक पुरुष, डोक्यावर केसाळ टोपी, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर नाणी. तो तिला पैसे देऊ करतोय. ती वर बघत नाही.

त्या काळी या विषयावरची चित्रं खूप होती, बाजारात चालायची. त्यांत बाई हसते, गळा उघडा असतो, हातात पेला असतो, शेजारी कुंटीण दात विचकत असते. इथे कुंटीण नाही. पेला नाही. बाई गळ्यापर्यंत झाकलेली, सुई-दोऱ्यात गढलेली. अभ्यासकांत वाद आहे. कुणी म्हणतं ही साधी लग्नाची मागणी आहे, कुणी म्हणतं हा त्रास आहे आणि ती तो सोसतेय. मी काय बघितलं ते सांगते. तिची बोटं घट्ट आहेत. कपडा नेहमीपेक्षा जास्त जवळ धरलाय. आपण एसटीत खिडकीशी बसलेलो असतो, शेजारचा माणूस उगाच सरकत येतो आणि आपण पुस्तकाचं तेच पान पुन्हा पुन्हा वाचतो, तेव्हा मान जशी असते, तशी तिची मान आहे. बावीस वर्षांच्या एका बाईने ती मान 1631 मध्ये रंगवली. माझ्या ओळखीच्या सगळ्या बायकांना ती मान ठाऊक आहे.

मला रडू आलं. समोरच्या बाकावर बसून राहिले. मुली वहीच्या कोपऱ्यात अशा गोष्टी काढतात आणि पान फाडतात, ते आठवत राहिलं.

त्याच इमारतीत राउशची फुलदाणी आहे, 1700 ची, आणि मारिया व्हान ओस्टरवाइकची फुलं. ओस्टरवाइकने लग्न केलं नाही, कुंचला सोडला नाही आणि घरकामाला असलेल्या खेर्ट्येला रंगवायला शिकवलं. खेर्ट्ये पुढे स्वतः चित्रकार झाली. बापाकडून लेकीला मिळालेली कला पुष्कळदा वाचली होती. मालकिणीकडून मोलकरणीला मिळालेली इथे पहिल्यांदा कळली.

सहावा दिवस : आम्स्टरडॅम, होर्टस

शेवटचा दिवस झाडांसाठी. 1638 पासूनची ही वनस्पती-बाग. राखेलचे वडील इथेच 1685 पासून वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. फुलपाखरांच्या काचघरात आपल्या कोकणासारखी दमट हवा, चष्म्यावर वाफ. भाचीची मुलगी फुलपाखरू हातावर बसावं म्हणून हात लांब करून दहा मिनिटं न हलता उभी राहिली.

मारिया सिबिला मेरियन याच शहरात राहायची. जन्म 1647, फ्रँकफर्टचा. नवऱ्यापासून वेगळी झालेली. 1699 मध्ये, बावन्न वर्षांची असताना, स्वतःची चित्रं विकून पैसे उभे केले आणि धाकट्या मुलीला घेऊन जहाजाने दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. किडे बघायला. अंड्यातून सुरवंट, सुरवंटातून कोष, कोषातून पतंग, आणि प्रत्येकजण कुठल्या झाडावर काय खातो, हे जिवंत बघून काढायला. 1701 मध्ये आजारी पडून परतली आणि 1705 मध्ये साठ मोठ्या चित्रांचं पुस्तक स्वतः काढलं. बारा वर्षांनी ती गेली, त्याच सुमाराला रशियाच्या पीटर बादशहासाठी तिची चित्रं विकत घेतली गेली. त्याच 1717 मध्ये राखेलच्या वडिलांचा संग्रहही त्यानेच नेला.

दुपारी एका पुस्तकाच्या दुकानात त्या पुस्तकाची हुबेहूब प्रत बघायला मिळाली. मेजावर दोन्ही हातांनी उलगडावी लागते एवढी मोठी. पानं उलटत गेले : अननस, केळं, पेरूच्या फांदीवरचे कोळी. आणि मग पंचेचाळिसाव्या चित्राशी हात थांबला. लाल पाकळ्या, पिवळी किनार, लांब बाहेर आलेले तुरे, चपट्या शेंगा. हा तर आपला शंकासुर! आमच्या शाळेच्या कुंपणाला याची सहा झाडं आहेत. पुस्तकात त्याला मोरफूल म्हटलंय.

भाचीने शेजारचा मजकूर वाचून दाखवला. मेरियनने लिहिलंय की डच मळेवाल्यांच्या हाताखाली छळ सोसणाऱ्या तिथल्या मूळ रहिवासी बायका या झाडाच्या बिया गर्भ पाडायला वापरतात, आपलं मूल गुलाम होऊ नये म्हणून. आफ्रिकेतून आणलेल्या गुलाम बायकांबद्दलही लिहिलंय. आणि हे त्यांनी स्वतः मला सांगितलं, असंही लिहिलंय. भाची वाचता वाचता थांबली. म्हणाली, "मावशी, हे फुलाच्या चित्राशेजारी लिहिलंय?" फुलाच्या चित्राशेजारीच.

त्या बायकांची नावं पुस्तकात नाहीत. सुरिनामहून परतताना मेरियनने एक मूळ रहिवासी बाई बरोबर आम्स्टरडॅमला आणली होती. किड्या-झाडांची माहिती मेरियनला अशाच बायकांनी पुरवलेली. तिचंही नाव नाही. आठवडाभर मी सह्या शोधत हिंडले, चांदणी, सुरीची मूठ, ऐंशीव्या वर्षाचा आकडा. मेरियनचं नाव तर पुस्तकावर केवढं ठळक आहे. पण या बाईपाशी माझं सगळं शोधणं थांबलं. तिची चांदणी कुठेच नाही.

दुकानदाराने पुस्तक घ्यायचं का विचारलं. किंमत माझ्या दोन महिन्यांच्या पगाराच्या पलीकडची. पंचेचाळिसाव्या चित्राचं पोस्टकार्ड घेतलं, तीन युरो.

उद्या दुपारचं विमान. वहीच्या त्या अकरा पानांच्या समासात आज रात्री नावं लिहून काढली : युडिथ लेइस्टर, सारा व्हान बालबेर्गेन, खेसिना, राखेल, ओस्टरवाइक, खेर्ट्ये, स्खुरमान, क्लारा, मेरियन. समास पुरला नाही, पानाच्या खाली गेले.

जूनमध्ये शाळा उघडली की आठवी-नववीला पहिलं चित्र शंकासुराचं द्यायचं ठरवलंय. पावसात तो बहरलेला असतो, फांदी तोडायला शिपाईमामांना सांगावं लागेल. फुलं, पानं, तुरे, सगळं शिकवता येईल. शेंग सोलून बिया मुलींच्या हातावर ठेवीन तेव्हा किती सांगायचं, ते अजून ठरत नाहीये.